पुसलेली बातमी

पाळणाघरात एकही मूल नव्हते, म्हणून तिथली शांतता हेरंबला अधिकच जड वाटत होती. पाळणाघर चालवणाऱ्या यमुताईंनी चहा पुढे केला, तरी त्याला मान वर करवेना.

‘मुलांना झोपेचे औषध पाजणारी बाई’ ही यमुताईंविषयी त्यानेच पेपरात दिलेली बातमी. ती खोटी ठरली आणि कायद्याप्रमाणे साऱ्या शहराच्या स्मृतीतून पुसली गेली, खुद्द यमुताईंच्याही. छापणाऱ्याला शिक्षा नव्हती; छापण्याचे स्वातंत्र्य अबाधित राहिले. आठवण उरली ती फक्त लिहिणाऱ्याजवळ, आणि ती उच्चारणे हा गुन्हा होता. तो क्षमा मागायला आला होता. पण कशाची, हे सांगता येत नव्हते.

“तुम्ही पेपरवाले, तुम्हाला गावचं सगळं ठाऊक,” यमुताई हसून म्हणाल्या. “बाया रस्त्यात भेटतात, गोड बोलतात, पण मूल काही ठेवत नाहीत. का, ते त्यांनाही कळत नाही. म्हणतात, ‘मन धजत नाही हो, ताई.’”

बातमी गेली होती. भीती मात्र धुतलेल्या दुपट्यावरच्या डागासारखी राहिली होती.

यमुताईंनी दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. “खरं सांगा, माझ्या हातांत काही वाईट दिसतं का हो?”

चहा तसाच ठेवून, चपला पायांत घालायलाही न थांबता, त्या हातात घेऊन हेरंब पायऱ्या उतरला.