तिसरी हाक

“यंदा मी उभी राहणार नाही, उस्ताद,” इट्टो म्हणाली आणि पुदिन्याच्या चहाचा पेला तिने त्यांच्यापुढे सरकवला.

उस्ताद बेनईसांनी पेला उचलला नाही. एवढा चढ चढून ते दरवर्षीप्रमाणे उद्याची आठवण करून द्यायला आले होते. सेफ्रू गावच्या त्या लहानशा शिक्षक विद्यालयात नवं वर्ष सुरू होण्याआधी एक वेगळीच हजेरी व्हायची, दिवंगत विद्यार्थ्यांची. उस्ताद नाव पुकारत. त्या माणसाच्या घरचं, नाहीतर त्याच्या हाताखाली शिकलेलं कोणीतरी उभं राहून त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणे आणि त्याच्या आयुष्यातली एखादी गोष्ट सांगे. तीन हाकांना कोणीच ओ दिली नाही, तर ते नाव पुन्हा घ्यायचं नाही, असा नियम होता.

“तब्येत बरी नाही का तुझी?”

“झकास आहे.”

“मग तुझ्याऐवजी दुसरं कोणी...”

“कोणी नको. तुम्ही नाव मात्र पुकारा. तिन्ही वेळा.”

“अगं पोरी, मिमूनचं नाव यादीतून जाईल!”

“जाऊ दे. मला ते त्या यादीत नकोच आहे.”

मिमून हा उस्तादांचा लाडका विद्यार्थी. घर डोंगरापलीकडे, त्यामुळे वर्गात कायम शेवटी यायचा. एक पाय आत, एक बाहेर ठेवून विचारायचा, “उशीर झाला, उस्ताद. आत येऊ?” ते रागवायचे, पण तो आल्याशिवाय हजेरीची वही मिटायचे नाहीत. पुढे तो स्वतः शिक्षक झाला. धनगरांची पोरं शाळेत येईनात, म्हणून हाच त्यांच्या मेंढरांमागून चालायचा आणि काठीने मातीत अक्षरं काढून दाखवायचा. पोरांच्या बापांना अर्जही लिहून द्यायचा. कुरणाबद्दलचा असाच एक अर्ज वर पोचला आणि दारात सरकारी गाडी आली. ती त्याला घेऊन गेली. वर्षभराने नुसता कागद आला, तापाने वारला म्हणून. ना देह मिळाला, ना कबर. तेव्हापासून त्याच्या बायकोचे, इट्टोचे केस पिकले, पण तिची हजेरी एकदाही चुकली नव्हती. ती ‘हजर’ म्हणायची तेव्हा खिडकीची तावदानं थरथरायची.

त्यांनी खोलीत नजर फिरवली. भर दुपारी खिडक्या लावून घेतलेल्या.

“एवढा काळोख कशाला केलायस?”

“डोळ्यांना उजेड सोसत नाही.”

चुलीवर हरीऱ्याचं दाट सूप रटरटत होतं. त्यातले हरभरे ती पळीने दाबून दाबून पार लगदा करत होती. उंबऱ्याशी पुरुषाच्या पिवळ्या चपला होत्या, कोऱ्या करकरीत. तेवढ्यात आतल्या खोलीत कोणीतरी खोकलं. पुरुषाचा खोकला.

इट्टोने मान वळवली नाही. “चहा गार होतोय,” ती म्हणाली.

उस्ताद काय ते समजले. बाईने एकटीने किती वर्षं काढायची? नवा संसार मांडला, तर त्यात तिचं काय चुकलं? पण वर्षातून एक शब्द उच्चारायला काय जात होतं?

“सुखात राहा,” ते कोरडेपणाने म्हणाले.

“आहेच मी,” ती म्हणाली आणि चक्क हसली.

ते हसू त्यांना उतारभर टोचत राहिलं. पुकारणाऱ्याने कधी स्वतः ओ द्यायची नसते. पण उद्या वर्ग गप्प बसला, तर आपण द्यायची, असं त्यांनी घर यायच्या आत ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जुना वर्ग गच्च भरला होता. हम्मूचं नाव आलं तशी त्याची मुलगी उठली.

“हजर! बाबा अक्रोडांवर गणित शिकवायचे. जेवढे वजा व्हायचे, तेवढे स्वतः खायचे.”

“तरीच आम्ही गणितात कच्चे आणि मास्तर वजनात पक्के!” मागून कोणीतरी ओरडलं. सगळा वर्ग खदखदला.

तूदासाठी तिचा नातू उभा राहिला. “हजर! आजीने तिच्या सासूला वाचायला शिकवलं. सासूने सगळ्यात आधी काय वाचलं, तर आजीने माहेरी लिहिलेली गाऱ्हाणी!”

विद्यालयाचे प्रमुख, मुदीर सी लहसन, डोळे पुसून पुसून हसत होते. उस्तादांना मात्र हसू येईना. त्यांनी घसा साफ केला.

“मिमून ऊहद्दू!”

इट्टो पुढच्या रांगेत, दाराजवळच्या टोकाला बसली होती. ताठ, ओठ घट्ट मिटून. माना तिच्याकडे वळल्या.

“मिमून ऊहद्दू!”

तिच्या मागचा दाढीवाला बासू उठू लागला. एके काळी मेंढरांमागे अक्षरं शिकलेला तो पोरगा आता स्वतः मास्तर होता. इट्टोने त्याचा झगा धरून खाली ओढला.

“बस खाली.”

“अहो लल्ला इट्टो, नाव जाईल त्यांचं!”

“बस म्हणते ना!”

वर्गात कुजबुज सुरू झाली. “काय बाई आहे ही,” कोणीतरी पुटपुटलं. उस्तादांनी टेबलाची कड धरली. आता हाक द्यायची आणि ओही आपणच द्यायची.

“मिमून ऊहद्दू!” आवाज चिरकला. ‘हजर’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

“हजर.”

शब्द दारातून आला होता. काठीवर भार देऊन एक वाळका, पांढऱ्या दाढीचा माणूस उजेडाला डोळे मिचकावत उभा होता. कोऱ्या पिवळ्या चपलेतला एक पाय वर्गात होता, दुसरा अजून बाहेर.

“उशीर झाला, उस्ताद,” तो म्हणाला. “आत येऊ?”