बारावी रचना

व्यवस्थापकांनी जाडजूड पाकीट पियानोवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली.

“दरवर्षी त्याच अकरा रचना. कुठं खोकायचं हेसुद्धा श्रोत्यांना पाठ झालंय. या वेळी एक तरी नवी हवी. नाहीतर पुढच्या वर्षी तुमची तारीख दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.”

“बघतो,” वादक म्हणाला.

व्यवस्थापक गेल्यावर त्यानं पाकिटाला हातही लावला नाही. “काय पाठवलंय, वाच गं,” तो शेजारच्या खुर्चीतल्या मदतनीस बाईला म्हणाला. पत्रं, पाकिटं, कार्यक्रमपत्रिका, सगळं तिनंच वाचून दाखवायचं, ही त्याची अलीकडची खोड. कागदांचा त्याला कंटाळा होता.

आत एका तरुण संगीतकाराच्या रचनेचं नोटेशन होतं. चौदा पानं. चाळता चाळता तिची बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली.

“सुरेख आहे, सर. समोर ठेवू?”

“नको.”

“एकदा बघा तरी.”

“या वयात नव्याच्या नादी कशाला लागायचं?”

ती अठरा वर्षं त्याची पानं उलटत होती. मैफलीत त्याच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसायचं, त्यानं मान हलवली की उठायचं, पान उलटायचं, पुन्हा बसायचं. पावलं वाजू नयेत म्हणून कापडी बूट घालायचे. सभागृहातली मंडळी तिला ‘उलटापालट मॅडम’ म्हणत. ती ते हसण्यावारी न्यायची. पियानोच्या इतक्या जवळ बसायला तिला दुसरी जागा नव्हती.

वाजवायला ती शिकली होती. सतराव्या वर्षी एका स्पर्धेत परीक्षकांनी तिच्यासमोर कधी न पाहिलेली रचना ठेवली आणि तिची बोटं जी थिजली ती हलेचनात. “पुरे, बाळ,” परीक्षक मायेनं म्हणाले. रागावून बोलले असते तर चिडून तिनं वाजवलंही असतं. त्यानंतर चारचौघांत तिनं कधी पट्टीला बोट लावलं नाही.

पण रोज दुपारी तीनला ती सरावाच्या खोलीत यायची, दार लोटून घ्यायची आणि स्वतः रचलेली एक धून वाजवायची. ती कुठं लिहिलेली नव्हती. एका ठिकाणी येऊन ती थांबायची. तिथून धून अगदी वेगळ्या वाटेला लागायला हवी होती. ती वाट तिला मनात स्वच्छ ऐकू यायची, पण हात पुढं सरकायचा नाही. मग ती पहिल्यापासून सुरुवात करायची आणि पुन्हा तिथंच थांबायची.

चारला तो यायचा. बाहेरच्या बाकावर त्याचा चहा गार होऊन साय धरलेला असायचा. विसरभोळा माणूस, असं म्हणत ती दुसरा कप आणून त्याच्या हातात द्यायची.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले, तरी चौदा पानं होती तिथंच होती.

“सर, तारीख गेली तर?”

“जाईल.”

“तुम्ही घाबरताय.” अठरा वर्षांत ती पहिल्यांदाच असं बोलली.

“हो,” तो म्हणाला. “तू नाही घाबरत?”

“मी कशाला घाबरू? मी पानं उलटते.”

 तिला त्याचा रागच आला. ज्याच्या हातात सगळं आहे, त्यानंच असं मागं सरावं? आणि तारीख गेली की तिची खुर्चीही जाणार होती. शिवाय ती वीस पावलंही. गेली काही वर्षं मंचावर जाताना तो तिचा कोपर धरून चालायचा. जुन्या वळणाचा रुबाब, असं लोक म्हणायचे. तिला ती वीस पावलं वर्षभर पुरायची.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. तो तिचा कोपर धरून आला, बसला, आणि एकेक ओळखीची रचना वाजवू लागला. सहाव्या रचनेत तिच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. तिला घाम फुटला, पण तो तसूभरही चुकला नाही. सगळं हाडीमाशी मुरलेलं होतं.

दहा झाल्या. तिनं अकराव्या रचनेची पानं समोर लावली आणि ती खुर्चीत टेकली. यंदाही तेच. पुढच्या वर्षी तेही नाही.

त्यानं सुरुवात केली. तिसऱ्याच सुराला तिला कळलं. ती तिची धून होती.

ती उठली. उलटायला पान नव्हतं. काय करावं ते न सुचून ती मागं सरली आणि पियानोला वळसा घालून पलीकडच्या टोकाशी, लाकूड घट्ट धरून उभी राहिली. तो वाजवत होता. एका जागी तिचा अंगठा रोज अडखळायचा, ती अडखळसुद्धा त्यानं जशीच्या तशी ठेवली होती. खोलीत एकटीनं वाजवलेलं सगळं आता भरल्या सभागृहात होतं. तिचे डोळे भरून आले.

मग ती जागा आली. तो थांबला. त्यानं हात मांडीवर घेतले आणि रुंद स्टुलावर एका कडेला सरकून बसला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

“मला इथपर्यंतच ऐकायला मिळालंय,” तो हळूच म्हणाला. “रोज त्या बाकावर बसून वाट बघतो, पण तू पुढं जातच नाहीस. पुढचं तू वाजव.”

तिनं स्टुलावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

तो डावीकडे वळला. हसून त्यानं तिच्या खुर्चीकडे हात पुढं केला.

“अशी बसून काय राहिलीस? ऊठ ना.”

खुर्ची रिकामी होती. ती केव्हाची त्याच्या समोर उभी होती.