गाडीची तयारी

राजेंद्रला पहिला अटॅक आला तेव्हा अँब्युलन्स धरणाकाठच्या तिकोणा पेठ गावात पोचायला तास लागला. तो दवाखान्यातून घरी आला त्याच दिवशी बायकोनं, चंपानं, हट्ट धरला, "मला गाडी शिकवा."

"आदी गाडी तर तयार करू," तो म्हणाला. पुढच्या-मागच्या काचेवर लाल 'एल' चिकटवला, तिच्या सीटवर उशी ठेवली, स्वतःच्या बाजूला जादा आरसा बसवला. रविवारी धरणाच्या रस्त्यावर पर्यटकांची गर्दी होती, सोमवारी अमावस्या निघाली. शिकवणी पुढच्या आठवड्यावर गेली.

आज दुपारी तो छाती धरून अंगणातच कोसळला. चंपानं त्याला कसंबसं ओढत गाडीत बसवलं, स्वतः उशीवर बसली आणि किल्ली लावली.



"आवं, डोळं उघडा! पायाखाली तीन हायती, त्यातला बिरेक कंचा, तेवढं तरी सांगा!"