खंदक क्रमांक दोन

भोंगा वाजला आणि प्रा. श्रीपाद मिराशी खंदक क्रमांक दोनमध्ये एकटेच उतरले.

खंदक चाळीस जणांचा होता. एकट्याने त्यात नेमकं कुठे बसायचं हे न कळून ते मधोमध बसले. १९७१चा नोव्हेंबर चालू होता, लढाई होणार असं उत्तरेतल्या या शहरात सेक्टर सतरातले पानवालेसुद्धा सांगत होते, आणि हवाई हल्ल्याच्या सरावात भूगोलाच्या ब तुकडीने दोन नंबरच्या खंदकात जायचं असं पत्रक कॉलेजच्या फळ्यावर लागलं होतं. ब तुकडी धावत आली, मिराशींच्या डोक्यावरून उड्या मारून पुढे गेली आणि एक नंबरच्या खंदकात अ तुकडीच्या मांडीवर जाऊन बसली. तिथे अ तुकडीला शिकवणाऱ्या सुनेत्रा बर्वे होत्या.

वीस पावलांवरून हसणं ऐकू येत होतं. मिराशी मोजत होते. सात वेळा झालं. बॉम्बहल्ल्याच्या मानाने हे जास्तच होतं.

ऑनर्सचा वर्ग कोणाला द्यायचा ते प्राचार्य आज ठरवणार होते. कवायत बघायला येतो, ज्याच्याकडे मुलं दिसतील त्याचा वर्ग, असं त्यांनी चहा पिताना बोलून दाखवलं होतं. मिराशी त्या वर्गाची अकरा वर्षं वाट बघत होते. बर्वेबाईंना इथे येऊन अकरा महिने झाले होते.

"सुनेत्राबाई," मिराशी मराठीत ओरडले, म्हणजे भांडण दोघांतच राहील, "माझी मुलं परत पाठवा!"

"मी बोलावली नाहीत हो, मिराशीसर. हवी तर येऊन घेऊन जा."

"क्या बोले सर?" कोणीतरी विचारलं.

एअर फोर्सवाल्या मराठी वडिलांची स्मिता मराठी बोलत नसे, पण तिला सगळं समजायचं. "सर को अकेले डर लग रहा है," तिने भाषांतर केलं.

आठ.

मिराशींनी मान उंच करून पाहिलं. बाईंनी खंदकाच्या भिंतीचाच फळा केला होता. मुल्लानपूरकडचा बलकार, जो मिराशींच्या तासाला दोन वर्षांत 'प्रेझेंट सर' याखेरीज एक शब्द बोलला नव्हता, तो भिंतीतलं ढेकूळ चाटून ही माती खारी आहे, हिच्यात गहू धरणार नाही, असं सांगत होता. आणि नैरोबीहून शिकायला आलेला किमानी ते वहीत उतरवून घेत होता. मिराशींच्या वर्गात माती लिहून घ्यायची असे. चाटायची नसे.

ते खंदकातून बाहेर पडले आणि वाकून चालू लागले. दहाव्या पावलाला शिट्टी वाजली.

"आप मर गए, प्रोफेसरसाहब," वॉर्डन म्हणाला. तो निवृत्त सुभेदार होता. खंदकाबाहेर दिसणाऱ्याला मेलेला धरून लाल चिठ्ठी लावायची, हे त्याचं काम. त्याने ती मिराशींच्या कोटाला टाचली.

"अरे, मैं तो सिर्फ..."

"मुर्दा बोलता नहीं. लेट जाइए."

मिराशी हिरवळीवर आडवे झाले. स्ट्रेचर एकच होतं आणि ते केमिस्ट्रीचे मृत न्यायला गेलं होतं.

"मॅडम," किमानीचा आवाज आला. त्याचं हिंदी हॉस्टेलच्या मेसमध्ये शिकलेलं होतं. "हमारे उधर काली मिट्टी. गर्मी में फटता. क्यों?"

"धूप से," बर्वेबाई म्हणाल्या. "चलो, आगे."

मिराशी यवतमाळचे, काळ्या मातीतले. मरण त्यांनी निमूट सोसलं होतं, हे सोसवेना.

"नुसती धूप नाही!" प्रेत ओरडलं. "ती पाणी पिऊन फुगती है! फिर सूखती है, तो सिकुडती है! मेरे पिताजी का चष्मा भेगेत गया था, भेगेत! बारिश आई, जमीन बंद!"

खंदकातून बलकारचं डोकं वर आलं. मग खांदे. "फिर मिला, सर?"

शिट्टी. बलकार मेला. तो मिराशींच्या शेजारी येऊन आडवा झाला.

"दो साल बाद मिला. हल चलाया, तो ऊपर आया. वो मिट्टी अपने आप उलटती रहती है. तब तक नंबर बदल गया था."

किमानी मेला. स्मिता मेली. मग दोघे-दोघे, तिघे-तिघे मरायला लागले. लाल चिठ्ठ्या संपल्या, तेव्हा वॉर्डन खडूने पाठीवर फुली मारू लागला आणि त्याच्यासमोर रांग लागली. मिराशी उताणे पडून हाताने आभाळावर भेगा काढत होते. ते काहीही लिहून देत नव्हते. झोपून कोणाला लिहिताही आलं नसतं.

प्राचार्य आले तेव्हा हिरवळीवर एकाहत्तर मृत होते. त्यातल्या नऊ जणांनी शंका विचारायला हात वर केले होते. दोन नंबरच्या खंदकात कोणीच नव्हतं. एक नंबरच्या खंदकात बर्वेबाई बसल्या होत्या, नेमक्या मधोमध.

"ये किसकी क्लास है?" प्राचार्यांनी विचारलं.

मिराशींनी तोंड उघडलं.

"मुर्दे चुप!" वॉर्डन खेकसला. मिराशींनी तोंड मिटलं.

प्राचार्य भूगोल विभागातल्या एकमेव जिवंत माणसाकडे वळले. "मिसेस बर्वे, मैं आप से पूछ रहा हूँ. किसकी क्लास है?"

बर्वेबाईंनी हिरवळीकडे पाहिलं. बलकार मिराशींच्या कानाला लागून काहीतरी कुजबुजत होता, आणि मिराशी, मेलेले असूनही, मान हलवत होते. बाईंनी पदर खोचला, खंदकाच्या काठावर एक पाय ठेवला आणि वॉर्डनच्या डोळ्यांत डोळे घालून त्या सरळ वर उभ्या राहिल्या.

शिट्टी वाजली.