घोडीचा खुराक

लग्न महिन्यावर आलं, तरी घोडीवाले बक्षीशचाचा तेजपालला वरातीसाठी घोडी द्यायला तयार नव्हते. या वजनदार ऐवजाखाली आपल्या मोरनी घोडीची कंबर जाईल, असं त्यांचं म्हणणं. तेजपालच्या थोरल्या भावाची वरात अशीच मोटारीतून गेली होती, आणि अख्खं जालंधर त्याला अजून ‘मोटारवाले जावई’ म्हणतं. तेजपालने पराठे सोडले, प्रोटीन शेक धरला. शेरवानी दोनदा आत घ्यावी लागली, तेव्हा शेकच्या पावडरचा डबा काखोटीला मारूनच तो तबेल्यात गेला.

चाचांनी त्याला चारी बाजूंनी न्याहाळलं, एखादी घोडी विकत घ्यायची असावी तसं.

“पुत्तर, या पिठाने बारीक होतात?”

“बारीक होतो खाणं कमी करून, चाचाजी. हे घेतलं की ताकद तेवढी टिकते.”

चाचांनी झाकण उघडलं, हुंगलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं. “कशाचं असतं?”

“दुधाचंच.”

“असं होय.” चाचांनी डबा उचलून मोरनीच्या चंदीशेजारी ठेवला. “घोडी दिली, जा. खाणं तू कमी करत राहा. ताकद हिला लागणार आहे.”