दोन पंख

"टाक फोटो," आई म्हणाली. "आज शेवटचा दिवस आहे."

हिरवा ड्रॅगन जेवणाच्या टेबलावर आईकडे तोंड करून उभा होता. म्हणजे लेकीने दोन बोटांनी धरला होता, म्हणून उभा होता. बोटं काढली की तो आईच्या उजव्या हाताला कलंडायचा.

अंग सुरेख झालं होतं. क्रोशाचं खेळणं गोल गोल विणतात. काम हातात फिरत राहतं आणि प्रत्येक टाका आपणहून सुईसमोर येतो. तिथे आईचा एकही टाका चुकला नव्हता. शेपटीवरचे काटेसुद्धा एकसारखे. पंख, डोळे, शिंगं मात्र मागाहून शिवायची असतात, आणि ती आईने सगळी एकाच बाजूला शिवली होती. दोन्ही पंख तिच्या उजव्या हाताला, एकावर एक. दोन्ही डोळे त्याच गालावर. दुसऱ्या बाजूला नुसते हिरवे टाके.

"आई, पंख किती आहेत गं?"

"झटका मला आला होता की तुला? मोज की." आईने बोट लावून मोजले. "एक. दोन. तुमच्या ड्रॅगनला जास्त असतात का?"

लेकीला हसू आलं, पण टिकलं नाही.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळे चांगले आहेत, हातही सुधारला आहे. पण डावीकडे काही असतं, हेच मेंदूला कळत नाही. तिथे आईला अंधार दिसतो असं नाही. काही राहिलंय असं वाटतच नाही. जेवताना आई ताटाची उजवी बाजू संपवायची. लेक ताट फिरवायची. मग आई म्हणायची, "पुन्हा वाढलंस? पोसून विकायचा विचार आहे का मला?"

विणणाऱ्या बायकांच्या ऑनलाइन ग्रुपचं या वेळचं आव्हान होतं, गोष्टीतला प्राणी. कुणी उडता घोडा केला होता, कुणी जलपरी. आईने लेकीला अट घातली होती. कुणाची मदत न घेता, मुदतीच्या आत ड्रॅगन पुरा केला, तर मी माझ्या घरी जाणार. लेक हो म्हणाली होती. तो पुरा होईल असं तिला वाटलंच नव्हतं.

तिने फोटो टाकला. फोन लगेच वाजायला लागला.

"वाच ना, काय म्हणतायत?"

'बाप रे, दोन्ही पंख एकीकडे! असं सुचतं तरी कसं?' असं कुणीतरी लिहिलं होतं.

"बाप रे, असं सुचतं तरी कसं," लेकीने वाचलं.

"अजून?"

'एकाच बाजूला उडणारा ड्रॅगन! मावशी, मानलं तुम्हाला.'

"मावशी, मानलं तुम्हाला."

"बघ." आई खुर्चीत ताठ बसली. "आण आता माझी किल्ली."

लेकीने फोन ठेवला. "एक मिनिट. हे बघ." तिने ड्रॅगन अर्धा फिरवला. कोरी बाजू आईच्या उजव्या हाताला आली.

आईने तिच्यावरून हात फिरवला. वरून खाली, खालून वर.

"पंख काढलेस?"

"नाही गं. नुसता फिरवला."

"खुळी समजतेस मला? आत्ता मोजले मी." आईचा आवाज चिरकला. "जाऊ द्यायचं नसेल तर तोंडाने सांग. माझं काम कशाला उसवतेस?"

"आई, ते इथेच आहेत. या बाजूला. इकडे बघ ना, इकडे."

आईने पाहिलं. हनुवटी मध्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "काही नाहीये तिकडे," ती म्हणाली, आणि कोऱ्या बाजूवरून पुन्हा हात फिरवायला लागली.

लेकीने ड्रॅगन परत फिरवला. आईने झडप घालून पंख चाचपले. एक. दोन. श्वास सोडला.

"लावलेस ना परत? लाज वाटली म्हणून." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "असू दे. लहानपणीही तुला लबाडी पचायची नाही. अर्ध्या तासात रडत कबूल करायचीस."

आईच्या घरी दोन बर्नरची शेगडी होती. बाल्कनीचा कठडा डाव्या हाताला. खाली रस्ता, दोन्हीकडून गाड्या येणारा. एकटीने राहायचं तिथे.

"किल्ली," आई म्हणाली. "शब्द दिला होतास."

"दिला होता."

लेकीने कपाटातून किल्ली आणली, कलंडलेला ड्रॅगन पुन्हा उभा धरला. किल्लीला आईनेच विणलेला लाल गोंडा होता, पर्समध्ये चटकन सापडावी म्हणून. तिने ती टेबलावर ठेवली, उघड्यावर, ड्रॅगनच्या कोऱ्या बाजूला. आईच्या डाव्या हातापासून वीतभर लांब.

"ठेवली बघ टेबलावर. घे, मग निघू."

आईचा हात टेबलावरून सरकला. कात्री. चष्म्याचं घर. लोकरीचा गुंडा, तो उचलून त्याच्याखाली. हात पंखांपर्यंत आला आणि मागे वळला. पुन्हा कात्री, पुन्हा चष्म्याचं घर.

"कुठेय?"

"टेबलावरच आहे, आई." लेकीचा हात ड्रॅगनवरून निसटला. तो कलंडला.

आईने त्याला उचलून सरळ केलं, पेल्याला टेकवून ठेवलं.

"तू म्हणतेस म्हणजे असणारच," ती म्हणाली, आणि पुन्हा कात्रीपासून शोधायला लागली.