घड्याळजींच्या गाडीची धडधड

“हिचा ठोका चुकतोय,” बॉनेटवर हात ठेवत घड्याळजी म्हणाले. “उभी असली की थरथरते. क्लच सोडला की आत धाडकन काहीतरी आदळतं. आणि एकदा वेग घेतला, की जसं काही झालंच नाही.”

मिस्त्रींनी मान डोलावली. गाडी अठ्ठावीस वर्षांची, पण घड्याळजींनी तिला स्वतःपेक्षा जास्त जपलेलं. पुढचं चाक मात्र गॅरेजच्या पायरीवर चढलेलं होतं. घड्याळजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांची मुलगी दाराशी उभी होती आणि मिस्त्रींची नजर चुकवत होती.

काल दुपारी ती एकटीच येऊन गेली होती. औषधांच्या दुकानातून तशीच, अंगात पांढरा कोट.

“काका, बाबांना आता नीट दिसत नाही,” ती म्हणाली होती. “परवा दुभाजकावर गाडी घातली त्यांनी. मागे माझी मुलगी बसलेली. नशीब, खरचटण्यावर निभावलं. पण डोळ्यांचं नाव काढलं की विषय बदलतात. आई गेल्यावर ते घराबाहेर पडेनात, म्हणून ही पडून राहिलेली गाडी मीच हौसेनं नीट करून दिली त्यांना. आता कोणत्या तोंडानं चावी परत मागू? उद्या ते तुमच्याकडे येणार आहेत, कसलासा आवाज येतोय म्हणून. तुम्ही सांगून टाका, इंजिन संपलं. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत.”

मिस्त्री तेव्हा नुसतं ‘बघू’ म्हणाले होते. चाळीस वर्षांत ते इंजिनाबद्दल कधी खोटं बोलले नव्हते. बायकोशी बोलले असतील, ती गोष्ट वेगळी. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते तिचं दुखणं सांगत, म्हणून लोक त्यांना ‘कानवाले मिस्त्री’ म्हणत. त्या नावाचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग गप्प होतं. टॅपेटची टिकटिक नेहमीचीच. पट्टाही ठीक.

“ब्रेक दाबून धरा आणि क्लच हळूहळू सोडा,” ते म्हणाले.

घड्याळजींनी क्लच सोडला आणि अख्खं इंजिन जागच्या जागी उडी मारून खाली आपटलं.

मिस्त्रींना काय ते कळलं. इंजिन ज्या रबरी गादीवर बसतं, तिचे बोल्ट ढिले होते. टॉर्च घेऊन ते गाडीखाली सरकले. तीन बोल्ट, आणि तिन्ही बरोबर दोन-दोन आटे सुटलेले. डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे.

हादऱ्यांनी सुटलेले बोल्ट असे शिस्तीत सुटत नाहीत. हे कोणीतरी मोजून केलं होतं. मिस्त्रींनी गाडीखालूनच दाराकडे पाहिलं. दिवसभर गोळ्या मोजून देणारी पोर. आपल्या एकट्याच्या शब्दावर विसंबली नाही ही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना थोडा राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं.

दहा मिनिटांचं काम होतं. पाना हाताशीच पडला होता. त्यांनी तो उचलला. मग त्यांना दुभाजक आठवला, आणि मागच्या सीटवरची ती लहान मुलगी. त्यांनी पाना होता तिथे ठेवून दिला.

बाहेर येऊन ते बराच वेळ हात पुसत राहिले.

“काय निघालं?” घड्याळजींनी विचारलं.

“क्रँक गेलीय. इंजिन संपलं म्हणा.”

“दुरुस्त होणार नाही?”

“भाग मिळत नाहीत हिचे आता.”

“काहीच करता येणार नाही? नक्की?”

“नक्की. चालवूही नका. भर रस्त्यात दगा देईल.”

घड्याळजींनी मोठा श्वास सोडला. खिशातून चावी काढून त्यांनी पुढे केली, ती मिस्त्रींच्या तळव्यापासून वीतभर बाजूला. मिस्त्रींनी हात सरकवून ती झेलली.

“ठेवा इथेच. चांगलं गिऱ्हाईक बघून विकून टाका, जे येईल ते येईल.”

“बाबा, कुठेही जायचं असलं तरी मी नेईन तुम्हाला,” मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“बरं,” घड्याळजी म्हणाले. इतकंच. ना कुरकुर, ना हट्ट.

मिस्त्रींच्या छातीवरचं ओझं उतरलं. खोटं बोलून इतकं हलकं वाटतं, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बापलेक टॅक्सीकडे गेले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी चहासुद्धा सांगितला.

चहा यायच्या आत घड्याळजी एकटेच परत आले. दाराची चौकट चाचपत आत शिरले.

“चष्मा राहिला,” ते मोठ्यानं म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

मग ते अगदी जवळ आले आणि आवाज खाली आणला. “मिस्त्री, गाडी विकायच्या आधी इंजिनाखालचे तीन बोल्ट तेवढे आवळून घ्या. दोन-दोन आटे सोडलेत मी. आटे बोटांनी मोजता येतात, त्याला डोळे लागत नाहीत. पोरीनं एवढ्या हौसेनं करून दिलेली गाडी, तिला सरळ नको कसं म्हणणार? तिला यातलं काही बोलू नका.” त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही लगेच पकडाल, अशी धास्ती होती मला. पण तुम्हाला काही ऐकूच आलं नाही. तेव्हा रागावू नका, मी डोळे दाखवायला जाईन ना, तेव्हा तुम्हीही चला बरोबर. एकदा कान दाखवून घ्या.”